चप्पल उकलली, सॅक फाटली? फेविक्विक लावण्याआधी हे वाचा

हुपरी : पाऊस लागला की घरोघरी तीच तक्रार. चपलेचा तळ उकलला, सॅकचा कप्पा फाटला, रेनकोट खांद्यावर गेला. हात आधी जातो तो फेविक्विककडे. मिनिटभरात चिकटते आणि दोन दिवसांत पुन्हा सुटते. त्यात ट्यूबचा काही दोष नाही.

असे का होते?

फेविक्विकच्या वर्गातला गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट. हवेतल्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक बनतो. कपबशीला ते चालते. चप्पल मात्र प्रत्येक पावलाला वाकते, मग कडक थराला तडे जातात. शिवाय सुती कापडावर हा गोंद जास्त सांडला तर इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजू शकते. अंगावरच्या शर्टला किंवा पँटला तो लावूच नका.

मग लावायचे काय?

वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा गोंद. चप्पल दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात असते ते 'सोल्युशन' याच जातीचे. फेविबॉण्ड किंवा फेविकॉल एसआर हे सिंथेटिक रबरवर आधारित गोंद हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. (सुतारकामाचा पांढरा फेविकॉल वेगळा; तो पाण्यात टिकत नाही.) रेक्झिनची पर्स किंवा सॅक असेल तर पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू गोंद घ्या. रेक्झिन मऊ ठेवणारे तेलकट रसायन हळूहळू झिरपते आणि साध्या सोल्युशनची पकड ढिली करते.

घाई नडते ती इथेच

चामडे आधी सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात ते कडक होते. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडून धूळ झटका. सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचे आणि लगेच चिकटवायचे नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबा. बोटाला ओले लागेनासे झाले की जोडा आणि हातोडीने ठोका. इथे तासभर धरून ठेवण्यापेक्षा एकदाच दिलेला जोरदार दाब महत्त्वाचा. कोल्हापुरीचे चामडे गोंद पिऊन घेते, म्हणून पहिला हात वाळल्यावर दुसरा द्या. चप्पल दुसऱ्या दिवशीच पायात घाला.

कापड फाटले असेल तर नुसत्या कडा जोडून उपयोग नाही. आतून ठिगळ लावा, फाटीपेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे. ठिगळाचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचलतो.

गोंद कुठे हरतो?

भिंतीवरची चिकटपट्टी सरळ खाली ओढा, निघत नाही. कोपरा धरून सोला, लगेच येते. गोंद घसरणाऱ्या ताणाला दाद देत नाही, पण सोलणाऱ्या ताणापुढे हात टेकतो. चपलेचा अंगठा आणि पट्टा पावलागणिक सोलले जातात, म्हणून तिथे शिलाईच हवी. पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने शिवली जाते, त्यामागचे विज्ञान हेच. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशी जोडी उकलली तर गोंद फक्त तळाच्या थरांना लावा, बाकी काम कारागिराकडे द्या. हेल्मेटचा पट्टा मात्र चिकटवूही नका, शिवूही नका, नवा घ्या.

हुपरीकरांसाठी वेगळी सूचना

इथे घराघरात चांदीकाम चालते, डाग द्यायला गॅसची ज्योत पेटलेली असते. बहुतेक सोल्युशनमध्ये टोल्युइनसारखे द्रावक असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने भडकते. दुकानाच्याच खोलीत डबा उघडू नका. अंगणात किंवा गच्चीवर बसा, मुलांना लांब ठेवा आणि काम झाले की झाकण घट्ट लावा. झाकण सैल राहिले तर पुढच्या वेळी डब्यात घट्ट गोळाच सापडेल.