टाकी भरली, तरी धार चालूच!

‘मॅडम, टाकी वाहून राहिली!’ वॉचमनची ही हाक आमच्या अपार्टमेंटमध्ये रोजचीच झाली होती. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक रुसला होता. प्लंबर ‘आज येतो’ म्हणून गायब! शेवटी मीच गच्चीवर चढले.

फंडा सोपा आहे. पाणी चढलं की बॉल तरंगत वर येतो आणि त्याचा दांडा व्हॉल्व्ह बंद करतो. म्हणून पहिली टेस्ट: पाणी येत असताना दांडा हाताने वर उचला. धार थांबली? मग दोष बॉलचा. तो काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं, तर बॉल फुटलाय, बदला. कोरडा असेल, तर दांडा कुठे अडकतोय का बघा. बॉल जरा खाली घ्या. ओव्हरफ्लो पाइपच्या इंचभर खालीच पाणी थांबायला हवं.

धार थांबलीच नाही? मग वॉशर झिजलाय किंवा कचरा अडकलाय. आधी मेन व्हॉल्व्ह बंद, मगच खोला. आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर निघाला. व्हिनेगरमध्ये भिजवून तो सुटला, नवा वॉशर बसला, टेन्शन खतम!

एवढा उपद्व्याप कशाला? मिनिटाला एक लिटर गळलं, तरी दिवसाचे १४४० लिटर होतात. जुलै २०१९ मध्ये पेंच नदीवरचा तोतलाडोह आटला, तेव्हा नागपूरला दिवसाआड पाणी मिळत होतं. बादल्या मोजणारे आपणच होतो ना?