स्टिकर काढा, पण पेट्रोलने नको

नवरात्रातली एक संध्याकाळ. विशीतला एक मुलगा खोकत खोकत आमच्या तातडीच्या विभागात आला. बरोबर आई आणि दोन मित्र. तोंडाला, शर्टाला पेट्रोलचा उग्र वास. ‘साहेब, पेट्रोल पोटमा गयं,’ आई घाबऱ्या आवाजात अहिराणीत सांगत होती.

हकीकत साधी होती. त्याने नुकतीच जुनी मोटरसायकल विकत घेतली होती. टाकीवर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं, बाजूच्या पत्र्यावर कुठल्याशा निवडणुकीतलं चिन्ह. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तर ती आपली वाटली पाहिजे, म्हणून हा स्टिकर खरवडायला बसला. अर्धे निघाले, अर्ध्यांचा चिकटा तसाच राहिला. कोणीतरी सांगितलं, पेट्रोलचा फडका मार. त्यासाठी टाकीत नळी सोडून त्याने तोंडाने ओढलं, आणि एक घोट आत गेला. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. त्यानंतर खोकला जास्तच वाढला.

त्याच्या पोटात किती पेट्रोल गेलं याची मला फारशी काळजी नव्हती. छातीत किती गेलं, हा खरा प्रश्न होता.

घोट पोटात, धोका छातीत

पेट्रोल, रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन हे सगळे पाण्यापेक्षाही सहज पसरणारे पदार्थ. गिळताना ठसका लागला की ते श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसात दूरवर पसरतात. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा थर असतो. हे पदार्थ तो थर बिघडवतात. पिशव्या मिटतात, सूज येते, श्वास लागतो, ताप येतो. याला रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. त्यासाठी चमचाभराहूनही कमी पेट्रोल पुरतं, फक्त ते चुकीच्या वाटेने जायला हवं.

म्हणूनच उलटी काढायची नाही. उलटी काढली की तेच पेट्रोल पुन्हा घशाशी येतं आणि त्याला छातीत शिरायची दुसरी संधी मिळते. मिठाचं पाणी, दूध, तूप यांतलं काहीही पाजू नका, घशात बोटं घालू नका. खोकला किंवा धाप असेल तर लगेच रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. पहिला एक्स-रे कधी कधी स्वच्छ दिसतो आणि त्रास नंतर वाढतो. त्यामुळे बरं वाटत असलं तरी आम्ही अशा रुग्णाला निदान सहा तास नजरेखाली ठेवतो.

मोठ्या माणसाला निदान सांगता तरी येतं. लहान मुलांचं तसं नसतं. काम झाल्यावर उरलेलं पेट्रोल किंवा थिनर पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या बाटलीत भरून ओट्याखाली, दाराआड ठेवलं जातं. रांगतं-चालतं मूल तहानेने ती बाटली तोंडाला लावतं. रॉकेलच्या बाबतीत हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. रॉकेल घरातून गेलं तरी बाटलीची सवय गेलेली नाही.

आग आणि त्वचा

पेट्रोलने स्टिकरचा चिकटा निघतो, हे खोटं नाही. पण त्या फडक्यातून काय काय बाहेर पडतं ते पाहू. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे ती बारा महिने तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते. अंगणातली चूल, तुळशीपाशी लावलेला दिवा, शेजारच्याची विडी, कुठूनही ती पेटते आणि ज्वाळा उलट फडक्यापर्यंत येते. फडका हातातच असतो.

‘मग रॉकेल वापरतो, ते कुठे पटकन पेटतं?’ असं काही जण म्हणतात. रॉकेलची वाफ पेटण्यासाठी साधारण ३८ अंशांच्या वर तापमान लागतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. थंड हवेत जो पदार्थ थोडासा सुरक्षित, तो आपल्या उन्हात तसा राहत नाही.

राहिली त्वचा. ज्या गुणामुळे पेट्रोल चिकटा विरघळवतं, त्याच गुणामुळे ते त्वचेतला तेलकट थरही काढून टाकतं. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते. शिवाय बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेन्झीन असू शकतं, आणि बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. एकदा फडका मारल्याने कर्करोग होतो असं मी म्हणणार नाही. पण गॅरेजमधली मुलं दिवसातून चार वेळा पेट्रोलनेच हात धुतात, त्यांच्यासाठी हे सांगणं भाग आहे. थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असतात. बंद खोलीत त्याच्या वाफेने डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं.

वॉर्डातली युक्ती

स्टिकर कसा काढावा हे मी गाड्यांच्या दुकानात शिकलो नाही. ते मला वॉर्डातल्या एका सिस्टरांनी शिकवलं. डॉक्टर झाल्यावर हौसेने मी स्कूटरवर लाल क्रॉस लावला होता. तो सैन्याच्या वैद्यकीय सेवेचा आणि रेड क्रॉस संस्थेचा संरक्षित चिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने सामान्य डॉक्टरला तो वापरता येत नाही, हे फार उशिरा कळलं. ब्लेड घेऊन मी तो खरवडू लागलो, तेव्हा सिस्टर हसून म्हणाल्या, ‘डॉक्टर, पेशंटची चिकटपट्टी तुम्ही अशीच काढता का?’

त्यांचं बरोबर होतं. जखमेवरची चिकटपट्टी आणि गाडीवरचा स्टिकर ही एकाच कुळातली भावंडं. दोन्हींचा गोंद दाबला की चिकटतो. तो धड घट्ट नसतो आणि धड पातळ नसतो, घट्ट पाकासारखा असतो. हळू ओढलं तर तो सैल होत सुटतो, हिसका दिला तर पकड वाढते. मग पट्टी त्वचा सोलते आणि स्टिकर रंगाचा टवका काढतो किंवा स्वतः फाटतो. वाहनाच्या रंगाचं हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारी रंगवताना लावलेल्या चिकटपट्ट्या रंगच उखडून नेत. ते पाहून थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. रंगाला न दुखवता निघेल एवढाच तिचा गोंद चिकट ठेवला होता.

आपल्या गाडीवरचे स्टिकर मात्र वर्षानुवर्षं उन्हात भाजलेले असतात. त्यांचं प्लास्टिक कडक होऊन तुकडे पडतात आणि गोंद पत्र्याला धरून बसतो. त्याला हवी थोडी ऊब, थोडं तेल आणि सवड.

असं करा

गाडी सावलीत लावा, इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. सायलेन्सरने पोटरी भाजलेले रुग्ण आमच्याकडे कायम असतात. आधी साबणाच्या पाण्याने धूळ धुऊन काढा, नाहीतर तीच धूळ पॉलिश कागदासारखी रंगावर घासली जाते.

गरम पाण्यात बुडवून पिळलेला फडका स्टिकरवर दोन-तीन मिनिटं ठेवा. केस वाळवायचा ड्रायर असेल तर वीतभर अंतरावरून हलवत फिरवा. पत्र्यावर तळहात ठेवता आला पाहिजे, एवढीच ऊब. फार तापवलं तर गोंद पातळ होऊन रंगावरच राहतो. लायटर किंवा मेणबत्ती टाकीजवळ नेऊच नका.

आता नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने कोपरा सोडवा. स्टिकर सरळ वर ओढू नका. त्याच्याच अंगावर दुमडत, पत्र्यालगत, सावकाश मागे न्या. अडला की पुन्हा ऊब द्या. ब्लेड आणि हिरवी घासणी लांब ठेवा. पहिल्याने बोट कापतं, दुसरीने रंगावर चरे पडतात.

उरलेल्या चिकट्यावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळून १०-१५ मिनिटं थांबा. तेल गोंदात मुरतं आणि त्याची पकड सैल होते. मऊ फडक्याने गोल चोळलं की त्याच्या गोळ्या होऊन निघतात. गरज पडली तर पुन्हा तेल लावा. तरीही डाग राहिला तर दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट फडक्यावर थोडंसं घ्या. आधी गाडीच्या लपलेल्या कोपऱ्यावर तपासून पाहा, कारण पुन्हा रंगवलेल्या गाडीचा रंग मऊ पडू शकतो. स्पिरिटही पेटतं, तेव्हा मोकळ्या हवेत आणि दिव्यापासून दूर. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण धुऊन टाका. मॅट रंगाच्या गाडीवर तेलाचे आणि चोळण्याचे चकाकते डाग राहू शकतात, तिथे कोपऱ्यावर तपासल्याशिवाय सुरुवात करू नका.

स्टिकरच्या जागी गडद आकृती उरली तर ती घासत बसू नका. तो चिकटा नव्हे. भोवतालचा रंग उन्हाने विटला आणि स्टिकरखालचा तसाच राहिला, एवढंच.

ब्रेक आणि हेल्मेट

दोन जागा जपा. पहिली ब्रेकची. तेलाचा थेंब ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर गेला तर गाडी वेळेवर थांबत नाही. काम करताना चाकावर जुना कपडा टाका, आणि झाल्यावर मोकळ्या जागी हळू चालवून दोन्ही ब्रेक तपासा. हँडलची मूठ आणि पाय ठेवायची जागाही पुसून घ्या.

दुसरी हेल्मेटची, आणि ती अधिक महत्त्वाची. टाकीवरचा स्टिकर निघाला की हात आपोआप हेल्मेटवरच्या स्टिकरकडे वळतो. बरीच हेल्मेटं पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकची असतात. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी या प्लास्टिकमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. हेल्मेट वरून धडधाकट दिसतं आणि धुळे-जळगाव महामार्गावर डोकं आपटतं तेव्हा तडकतं. हेल्मेटला फक्त सौम्य साबण आणि पाणी. त्याने स्टिकर निघत नसेल तर राहू द्या. आयएसआयची खूण तर काढूच नका.

इतकं करूनही काही घडलंच, तर लक्षात ठेवा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने धुवा, तोवर आगीजवळ जाऊ नका. भाजलं तर २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

त्या मुलाला तीन दिवस प्राणवायू आणि देखरेख लागली, मग तो घरी गेला. आठवड्याने तपासणीला आला तो त्याच मोटरसायकलवर, हेल्मेट घालून. छाती साफ होती. टाकीवरची अर्धी नावं मात्र अजून तशीच होती.

‘साहेब, आता हे कसं काढू?’

म्हटलं, ‘घरी शेंगदाण्याचं तेल आहे ना? आईकडून वाटीभर माग. आणि सवडीनं बस.’