धडकेच्या चित्रातला वेळेचा आकडा

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा गाड्या बनवणारा पट्टा. इथली पत्र्याची गाडी चाचणीत एकदा आदळते, पण त्याआधी संगणकातली गाडी कितीतरी वेळा आदळून झालेली असते. त्या चित्राच्या कोपऱ्यात वेळेचा एक आकडा पळत असतो. आज आपण तेवढाच बघू.

आधी आवाका लक्षात घेऊ. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. (पहिले तारे मिळवणाऱ्या हॅरिअर आणि सफारी पिंपरीच्याच.) या वेगाने गाडी एका मिलिसेकंदात सुमारे १८ मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे १० मिलिसेकंदांची चूक झाली तर जवळपास १८ सेंटिमीटर! एअरबॅग वेळेत फुगली की नाही, हे इतक्याशा अंतरात ठरतं.

आता गणिताकडे वळू. पोलादात ध्वनी सेकंदाला साधारण ५ किलोमीटर जातो. जाळीचा चौकोन ५ मिलिमीटरचा असेल, तर गणिताची पायरी एका मायक्रोसेकंदापेक्षा मोठी ठेवता येत नाही. १२० मिलिसेकंदांच्या धडकेला सव्वा लाखाच्या आसपास पायऱ्या लागतात. त्या सगळ्या कुठे साठवणार? म्हणून दर मिलिसेकंदाला एक साठवतात. चित्रासाठी आपल्या हातात असतात त्या एवढ्याच.

पॅराव्ह्यूमध्ये ‘सीक्वेन्स’ निवडून ३०० फ्रेम मागितल्या, की दर ०.४ मिलिसेकंदाला एक फ्रेम येते. मधल्या वेळेचं चित्र तर साठवलेलंच नाही, मग आधीचंच पुन्हा दिसतं. घड्याळ म्हणतं २६.८, चित्र असतं २६ चं. म्हणून ‘स्नॅप टू टाइमस्टेप्स’ निवडावं. वेळ लिहितानाही साध्या ‘ॲनोटेट टाइम’ऐवजी ‘ॲनोटेट टाइम फिल्टर’ घ्यावा. पहिला ॲनिमेशनचं घड्याळ वाचतो, दुसरा डेटावरची वेळ वाचतो.

पुढे येतो फॉरमॅट. सेकंदात दोनच दशांश ठेवले, तर २६ पासून ३४ मिलिसेकंदांपर्यंत सगळीकडे ०.०३ दिसणार. यावर उपाय म्हणजे स्केल १००० करा, दशांश एक ठेवा आणि पुढे ‘मि.से.’ लिहा. पण थांबा! एलएस-डायनाला एककं कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. मॉडेल मुळातच मिलिसेकंदात बांधलेलं असेल, तर स्केल १ च हवा.

राहिला शून्य. चाचणीत बंपर अडथळ्याला टेकतो तो क्षण शून्य धरतात. मॉडेलमध्ये दोघांत थोडी फट असते. टेकायला २ मिलिसेकंद लागत असतील, तर शिफ्ट उणे २ द्या. आधी गुणाकार होतो, मग बेरीज. म्हणून शिफ्ट मिलिसेकंदातच द्यायचा. याने बदलतं ते फक्त अक्षर. दोन धडकी शेजारी-शेजारी चालवायच्या असतील, तर ‘टेम्पोरल शिफ्ट स्केल’ने डेटाचीच वेळ सरकवावी लागते.

आमचा आग्रह एवढाच की चित्र बैठकीत दाखवण्याआधी बंपर टेकण्याच्या फ्रेमवर थांबा. कोपऱ्यात शून्य नसेल, तर एअरबॅगबद्दल बोलायची घाई करू नका.