समुद्रकाठाने सायकलवारी: आधी वारा, मग मुक्काम

मदतनिधीसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस सायकलवारी करायची, तर आधी दिशा ठरवा. उन्हाळ्यात इथे वारा वायव्येकडून येतो. म्हणून दक्षिणेकडेच जावे. उलट निघालात तर दिवसभर वारा तोंडावर!

मुक्कामाला स्टेट पार्कमधल्या ‘हाइक अँड बाइक’ जागा उत्तम: हाफ मून बे, फायफर बिग सर, सॅन सिमियन. भाडे थोडे, आरक्षण बहुधा लागत नाही, पण दुपारीच पोचलेले बरे. गाडीने येणाऱ्यांना मात्र या जागा मिळत नाहीत, हे मागून डबे आणणाऱ्या मंडळींना आधीच सांगा.

खरी कसोटी कार्मेल ते सॅन सिमियन, सुमारे ९० मैल. दुकाने तुरळक, फोनला रेंज नाही. एका दिवसात उरकू नका. मध्ये रात्र काढा. मे २०१७ मध्ये मड क्रीकला दरड कोसळून रस्ता वर्षभराहून अधिक बंद होता, तेव्हा निघण्याआधी कॅलट्रान्सकडे चौकशी कराच. बंद असेल तर आतून लांबचा वळसा. मैलामागे देणगी कबूल केलेल्यांनी तेवढी तयारी ठेवावी!