साठवण टाक्या व सायलोंमधील दूरस्थ पातळीमापन : तत्त्वे आणि मर्यादा

प्रस्तावना :
उद्योगांत द्रव पदार्थ टाक्यांमध्ये, तर धान्य, सिमेंट यांसारखे घन पदार्थ सायलोंमध्ये साठविले जातात. टाकीच्या माथ्यावर चढून डिप टेप आत सोडणे व तिच्यावरील ओल्या खुणेवरून साठा ठरविणे ही यातील जुनी पद्धत होय. उंची, पाऊस आणि विषारी वाफा यांमुळे हे काम जोखमीचे असते. दूरस्थ मापनामुळे पातळीचा आकडा नियंत्रण कक्षातच उपलब्ध होतो. तथापि, हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष पातळी नव्हे. बहुधा तो दुसऱ्या एखाद्या राशीवरून काढलेला निष्कर्ष असतो. हा भेद स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मापनाची तत्त्वे :
१) दाब : उघड्या टाकीच्या तळाशी द्रवामुळे पडणारा दाब हा घनता, गुरुत्व त्वरण व उंची यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणजेच उंची काढताना घनता गृहीत धरावी लागते. साखर कारखान्यातील मळीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते. पाण्यासाठी जुळविलेले उपकरण मळीच्या टाकीस लावल्यास ५ मीटरची पातळी ७ मीटर दिसेल.

२) श्राव्यातीत ध्वनी : ध्वनिस्पंद पृष्ठभागावरून परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतात. हवेतील ध्वनीचा वेग २०° सेल्सिअसला सेकंदास सुमारे ३४३ मीटर, तर ४०° ला सुमारे ३५५ मीटर असतो. तापमानाची दुरुस्ती न केल्यास १० मीटर अंतरात ३० सेंटिमीटरहून अधिक चूक संभवते.

३) रडार : सूक्ष्मतरंगांवर तापमान व धूळ यांचा परिणाम अत्यल्प होतो. मात्र पेट्रोलियम पदार्थांवरून त्यांचे परावर्तन पाण्याच्या मानाने क्षीण असते.

सायलोमध्ये आणखी एक अडचण येते. धान्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. भरताना शंकू व उपसताना खळगा तयार होतो. त्यामुळे एका बिंदूवरील अंतरावरून एकूण साठा अचूक ठरत नाही. अशा वेळी पायथ्याशी भारमापक बसवून वजन घेणे किंवा अनेक बिंदूंवर मापन करणे इष्ट ठरते.

संकेतवहन :
उपकरणाचा संकेत सामान्यतः ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाच्या रूपाने पाठवितात. ४ म्हणजे रिकामी, १२ म्हणजे अर्धी व २० म्हणजे भरलेली टाकी. प्रवाह शून्य झाल्यास तार तुटल्याचे तत्काळ समजते. परंतु मापकच एका जागी अडकल्यास तो वैध दिसणारा संकेत पाठवीतच राहतो. तुटलेली तार स्वतःहून कळते. अडकलेले मापक कळत नाही.

बन्सफील्डची दुर्घटना :
इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधन साठवण केंद्रात ११ डिसेंबर २००५ रोजी नेमके हेच घडले. क्रमांक ९१२ च्या टाकीत नळवाहिनीद्वारे पेट्रोल येत होते. पहाटे ३ च्या सुमारास मापकाचा आकडा स्थिर झाला. आवक मात्र चालूच होती. स्वतंत्र उच्चपातळी स्विचही कार्य करू शकला नाही. त्याची चाचणी-तरफ योग्य स्थितीत राखण्यासाठी कुलूप लावणे आवश्यक होते. ते लावलेले नव्हते. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर सांडले आणि सकाळी ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. त्यात ४० हून अधिक व्यक्ती जखमी झाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. हा मापक त्यापूर्वीच्या साडेतीन महिन्यांत अनेकदा अडकला होता, हे तपासात निष्पन्न झाले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, पातळीमापनाची पद्धत पदार्थाच्या गुणधर्मांनुसार निवडावी. दुसरी, भरणा थांबविणारी यंत्रणा मापकापासून पूर्णतः स्वतंत्र असावी व तिची नियमित चाचणी व्हावी. तिसरी, आवक चालू असताना न बदलणारा आकडा हा स्थैर्याचा नव्हे, तर बिघाडाचा संकेत मानावा. तंत्रविषयक अध्यापनात उपकरणाच्या अचूकतेबरोबरच त्यामागील गृहीतकांचीही चर्चा होणे म्हणूनच अगत्याचे आहे.