सारखे दिसणारे दोन हिरे

हिरा विकत घेण्याची रीत आपल्या डोळ्यांदेखत बदलली. पूर्वीं घरचा ठरलेला जवाहिऱ्या असे. तो गादीवर पांढरा कागद पसरी, त्यावर पुडी सोडी आणि चिमट्यानें एकेक खडा उचलून दाखवी. खडा पारखणें हें त्याचें काम आणि त्याला पारखणें हें आपलें. आतां मोबाईलच्या पडद्यावर शेंकडों हिरे एकदम मांडलेले दिसतात. प्रत्येकाशेजारीं वजन, रंग, निर्मळपणा आणि किंमत लिहिलेली असते. चाळतां चाळतां शेवटीं दोन उरतात. समजा, दोन्ही एक कॅरटचे, रंग जी, निर्मळपणा व्हीएस२, घडण 'एक्सलंट'; आणि किंमतींत मात्र वीस हजारांचें अंतर! लग्नकार्यासाठीं बाजूला ठेवलेली शिल्लक घेऊन बसलेल्या कुटुंबानें अशा वेळीं काय करावें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं प्रमाणपत्रावरील अक्षर हा बिंदु नव्हे, तो पट्टा आहे. साठ गुण मिळविणारा विद्यार्थी पहिल्या वर्गांत बसतो आणि पंचाऐंशी गुण मिळविणाराही तेथेंच बसतो. पण दोघांच्या उत्तरपत्रिका मास्तरानें पाहिलेल्या असतात, आणि त्याला भेद ठाऊक असतो. अमेरिकेंतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९३१ सालीं निघाली. रंगाची डी पासून झेड पर्यंतची आणि निर्मळपणाची अकरा पायऱ्यांची जी शिडी आज जगभर चालते, ती तिचीच. परंतु त्याच अक्षरांनीं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि सर्वांचा हात सारखाच कडक नसतो. म्हणून तुलना करावयाची ती एकाच संस्थेच्या दोन प्रमाणपत्रांची. हा नियम पाळला नाहीं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आतां घडणीकडे वळूं, कारण खरा भेद येथें आहे. हिऱ्यांत शिरलेला प्रकाश फार वांकतो. हिऱ्याचा वक्रीभवनांक सुमारें २.४२ आहे. त्यामुळें आंतून एखाद्या पैलूवर साडेचोवीस अंशांहून अधिक तिरपा पडलेला किरण बाहेर न निसटतां आंतच परावर्तित होतो. वरून आलेला किरण खालच्या निमुळत्या भागावर दोनदां आपटून पुन्हां वर, आपल्या डोळ्यांकडे यावा, अशी योजना असेल तरच खडा झळकतो. मार्सेल टोलकोव्स्की यानें १९१९ सालीं हें गणित मांडलें: वरच्या भागाचा उतार ३४.५ अंश, खालच्या भागाचा ४०.७५ अंश. हे आंकडे आजही उपयोगी पडतात. खालचा कोन फार उथळ झाला, तर माथ्याच्या सपाट पैलूंतून माशाच्या डोळ्यासारखें फिकट कडें दिसतें. फार खोल झाला, तर मधोमध काळोख सांचतो. गोल हिऱ्यांच्या घडणीला वरील संस्था २००६ पासून प्रत देते. परंतु तिची 'एक्सलंट' ही प्रत बरीच ऐसपैस आहे. प्रमाणपत्रावर दोन्ही कोन छापलेले असतात. वरचा ३४ ते ३५ आणि खालचा ४०.६ ते ४१ च्या दरम्यान असेल, तो खडा मी पुढें ठेवीन. या मर्यादेबाहेरचेही कांहीं खडे उत्तम असतात, हें खरें; पण पडद्यावरून निवडणाऱ्यानें हा सुरक्षित रस्ता सोडूं नये.

त्याच ओळीजवळ मिलिमीटरांत व्यास दिलेला असतो. चांगल्या घडणीचा एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. ६.२ भरला, तर उरलेलें वजन पोटांत किंवा जाड कमरेंत दडलें आहे असें समजावें. त्याचे पैसे आपण देतों, पण तें बोटावर दिसत नाहीं. उलट ०.९५ कॅरटचा सुघड खडा एक कॅरटच्या खड्याहून व्यासानें जेमतेम ०.१ मिलिमीटर लहान असतो. पूर्ण आंकड्यापाशीं भाव उडी मारतो, तो केवळ आंकड्याच्या मोहानें.

जुन्या लोकांच्या तोंडीं हिऱ्याचें 'पाणी' हा शब्द असे. नव्या प्रमाणपत्रांत पाण्याला स्वतंत्र रकाना नाहीं, ही मला मोठीच उणीव वाटते. निर्मळपणाचें अक्षर चांगलें असूनही खडा धुरकट असूं शकतो. त्यासाठीं खालच्या शेऱ्यांत, नकाशावर न दाखविलेल्या सूक्ष्म ढगांवरून प्रत ठरविली आहे, असें वाक्य आहे काय तें पाहावें. असल्यास विक्रेत्याला स्पष्ट विचारावें. डागांचा नकाशाही वाचावा: माथ्याखालीं मधोमध असलेला काळा ठिपका आणि कडेचा पांढुरका ठिपका एकाच प्रतींत मोडले, तरी डोळ्याला ते सारखे नव्हेत. फिरत्या चित्रांत हिरा कितीतरी मोठा करून दाखवितात, म्हणून त्यांतला प्रत्येक ठिपका पाहून घाबरण्याचेंही कारण नाहीं.

रंगासाठीं मात्र फार पैसे मोडूं नयेत. जी आणि एच यांतला फरक प्रयोगशाळेंत हिरा उपडा ठेवून नमुन्याच्या खड्यांशेजारीं पाहिल्यावर ठरतो. पिवळ्या सोन्याच्या कोंदणांत तो कोण ओळखणार? पडद्यावरून तर रंग पारखूंच नये. खाणींतला हिरा आणि कारखान्यांत वाढविलेला हिरा हेही नुसत्या डोळ्यांना ओळखूं येत नाहींत, कारण दोन्ही कार्बनचेच स्फटिक. किंमतींत मात्र मोठें अंतर असतें. प्रमाणपत्रावर तें लिहिलेलें असतें. तेवढी ओळ आधीं वाचावी.

एवढें पाहूनही दोन्ही खडे तुल्यबळ ठरले, तर स्वस्त तो सुटा मागवावा; कोंदणांत बसविलेला खडा पुष्कळ दुकानें परत घेत नाहींत. परतीची मुदत माल हातीं आल्यापासून मोजतात कीं मागणी नोंदविल्यापासून, हें लेखी विचारून घ्यावें. खडा आला म्हणजे दहापट भिंगाखालीं कमरेवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशीं ताडावा. बसविल्यावर तो कोंदणाच्या नखांखालीं झांकला जाण्याचा संभव असतो. तोच क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरही पडताळावा. नंतर खडा खिडकीच्या उजेडांत, ट्यूबलाइटखालीं आणि संध्याकाळच्या मंद प्रकाशांत पाहावा. दुकानाच्या झगझगीत दिव्यांखालीं कांचही चमकते. पसंत पडल्यास अंगठी ओळखीच्या सोनाराकडे घडविण्यास द्यावी. तिच्यावरील हॉलमार्क हा सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याची हमी त्यांत येत नाहीं.