एकल तबकडी कोणाची?

कलकत्त्याचे उत्तरेकडील डमडम हे उपनगर आज बहुतेकांना विमानतळामुळे ठाऊक असते. परंतु ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता, त्यांना ते दुसऱ्याच कारणाने आठवेल. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ साली सियालदहहून डमडमला आला, आणि भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र मिरवणाऱ्या असंख्य तबकड्या तेथून देशभर गेल्या. बीटल्स या इंग्रज चौकडीच्या भारतात विकल्या गेलेल्या तबकड्याही तेथेच तयार होत.

या चौकडीतील जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईस आला. 'वंडरवॉल' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्याने एकट्याच्या जबाबदारीवर स्वीकारले होते. मुंबईच्या स्टुडिओत द्विमार्गी ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून तसे यंत्र आगगाडीने मुंबईस नेले. शिवकुमार शर्मांचे संतूर, एस. आर. केंकरे यांची बासरी, विनायक व्होरा यांची तारशहनाई असा मेळ जमला. काही भाग लंडनला मुद्रित झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लाँगप्ले निघाली. तीवर हॅरिसन गातच नाही!

अशा तबकडीचे परीक्षण कसे करावे? परीक्षकांची सवय अशी की, शेजारी मूळ वृंदाची तबकडी ठेवावयाची आणि उणे-अधिक मांडावयाचे. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. आमच्या कचेरीत पाच जणांचे शेरे पचवून तयार झालेली टिपणी निर्दोष असते, पण ती कोणाचीच नसते. एकट्याने लिहिलेल्या टिपणीत चुका असतात, आणि माणूसही असतो. विचारावयाचा प्रश्न हा, की वृंदात ज्याला जागा नव्हती असे येथे काय आले? चौकडीच्या एका लाँगप्लेवर लेनन-मॅकार्टनी यांचा वाटा वजा जाता हॅरिसनच्या पदरी एक-दोन, फार तर तीन गाणी पडत.

'वंडरवॉल'मध्ये सुमारे अर्ध्या तासात एकोणीस तुकडे आहेत. राग उमलू लागावा आणि पडदा पडावा, असे वारंवार होते. हा दोष खरा. पण हॅरिसनने चित्रपटातील प्रसंगांची लांबी घड्याळ लावून मोजली होती, हे कळल्यावर तो दोष बेताचा वाटतो. सनई आणि गिटार शेजारी-शेजारी नांदविण्याचे धाडस मात्र त्याचे स्वतःचे.

वृंदात साचलेले पाणी पुढे फुटले. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणे १९६९ च्या जानेवारीत चौकडीने तालमीत घेतले आणि बाजूस ठेवले. १९७० च्या अखेरीस त्याच नावाचा हॅरिसनचा तीन तबकड्यांचा संच निघाला. त्याच वर्षी उरलेल्या तिघांनीही आपापल्या तबकड्या काढल्या. रिंगोने वडीलधाऱ्यांच्या आवडीची जुनी गाणी गाइली. परीक्षकांनी नाके मुरडली, मला ती प्रांजळ वाटली.

मुंबईच्या त्या मुद्रणात आणखी एक गोष्ट घडली. उरलेल्या वेळात हॅरिसनने 'द इनर लाइट' या गाण्याची साथ मुद्रित करून घेतली. लंडनला त्यावर गायन चढले, आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागील बाजूस निघाले. चौकडीच्या छोट्या तबकडीवर आलेली हॅरिसनची ही पहिलीच रचना. तबकडीवर नाव बीटल्सचे आहे. वाद्ये मात्र सारी मुंबईत जमलेल्या वादकांनी वाजविलेली आहेत.